‘नाही’ म्हणण्याची किंमत

कारखान्यात अपघात झाला की चौकशी होते, आणि चौकशी झाली की अहवालात एक वाक्य हमखास येते : ‘संबंधित कामगाराच्या निष्काळजीपणामुळे.’ पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात वेगवेगळ्या कारखान्यांच्या पर्सोनेल खात्यांत माझी तीस वर्षे गेली. (पुढे दारावरची पाटी बदलून ‘एच. आर.’ झाली, टेबले तीच राहिली.) या तीस वर्षांत हे वाक्य मी इतक्यांदा वाचले, की अहवालाचा टंकलेखक ते आधीच टाइप करून ठेवत असावा अशी मला शंका येई. वाक्य खोटे असते असे नाही. पुष्कळदा ते खरे असते. पण अर्धेच.

पॉवर प्रेसचे घ्या. पत्र्याचा तुकडा डायवर ठेवायचा आणि दोन हातांनी दोन बटणे एकदम दाबायची, की वरचा भाग धाडकन खाली येतो. बटणे दोन अशासाठी, की दोन्ही हात बटणांवर असले म्हणजे डायखाली एकही हात उरत नाही. साधी आणि शहाणपणाची युक्ती. पण जुन्या प्रेसवर यातले एक बटण चिकटपट्टीने किंवा लाकडी पाचर मारून कायमचे दाबून ठेवता येते. मग एक हात जॉब सरकवायला मोकळा होतो. तासाचे नग वाढतात आणि एखाद्या दिवशी बोट जाते. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांतल्या जखमी कामगारांविषयी २०१९पासून अहवाल काढते आहे. त्यांत पॉवर प्रेस आणि तुटलेली बोटे यांची जोडी सुटता सुटत नाही. जखमींमध्ये कंत्राटी आणि परप्रांतातून आलेली मुले फार.

ती चिकटपट्टी कामगारानेच लावलेली असते, हे कबूल. पण मशीनच्या डोक्यावर टार्गेटचा फळा असतो, आणि टार्गेट एक बटण बांधल्याशिवाय पुरे होत नाही हे खात्यातल्या सगळ्यांना ठाऊक असते. सुपरवायझर शिफ्टमध्ये दहा वेळा तिथून जातो. ज्याला ती पट्टी दिसलीच नाही असा सुपरवायझर मला भेटला नाही. ‘काढ ती आधी’ म्हणणारे दोन-तीन मात्र भेटले. त्यांच्या शिफ्टचे नग कमी भरत आणि महिनाअखेरीच्या मीटिंगमध्ये त्यांना चारचौघांत उभे केले जाई. त्यांतल्या एकाने पुढे पट्टीकडे पाहणे सोडून दिले. त्याची बढतीही झाली.

परदेशी ग्राहकांची तपासणी हा दुसरा प्रकार. ज्या एका कारखान्यात मी काही वर्षे होतो, तिथे तपासणीच्या आदल्या रात्री लग्नघराची कळा येई. स्टोअर उघडून नवी हेल्मेट निघत आणि त्यांवरची प्लॅस्टिकची वेष्टणे रात्री बसून काढली जात. कंत्राटी पोरांना दुसऱ्या दिवशीची सुटी मिळे. कुणी काय विचारले तर काय सांगायचे याची उजळणी होई. पाहुणे येत, फोटो काढत, जेवत आणि जात. चार दिवसांनी हेल्मेट पुन्हा कपाटात. आमच्याकडचा एक जुना फिटर म्हणायचा, “साहेब, हे पाहुणे रोज आले पाहिजेत. निदान संडास तरी धुतला जाईल!”

हे सगळे जवळून पाहिल्यामुळेच असेल, बांगलादेशातल्या राणा प्लाझाची हकिगत वाचताना मी पडलेल्या इमारतीपेक्षा तिच्या आदल्या दिवशी जास्त रेंगाळतो. ढाक्याजवळ सावर इथे ही आठ मजली इमारत होती. काही भाग बुजवलेल्या तळ्याच्या जागेवर उभा, वरचे मजले परवान्याशिवाय चढवलेले. खाली दुकाने आणि एका बँकेची शाखा, वर तयार कपड्यांचे पाच कारखाने. मंगळवार, २३ एप्रिल २०१३ रोजी इमारतीला मोठ्या भेगा पडल्या. लोक घाबरून बाहेर आले. दूरचित्रवाणीवाले आले, भेगा पडद्यावर दिसल्या. पाहणी करणाऱ्या इंजिनिअरने इमारत धोक्याची असल्याचे सांगितले. मालकाने मात्र काळजीचे कारण नाही असे जाहीर केले.

बँकेने आपल्या कर्मचाऱ्यांना तिथे येऊ दिले नाही. दुकाने बंद राहिली. आणि बुधवारी सकाळी शिवणकाम करणाऱ्या हजारो बायका-पुरुषांना कामावर बोलावण्यात आले. पुष्कळजण आत जायला कचरत होते. काहींना महिन्याचा पगार कापण्याची धमकी मिळाली, असे वाचलेल्यांनी नंतर सांगितले. शेवटी ते आत गेले. नऊच्या सुमाराला वीज गेली, वरच्या मजल्यांवरचे जनरेटर सुरू झाले आणि काही मिनिटांतच इमारत खाली आली. १,१३४ माणसे मेली, दोन हजारांहून अधिक जखमी झाली. बहुतेक तरुण मुली.

एकच इमारत, एकच भेग, एकच रात्र. बँकेच्या कारकुनाला ती भेग अधिक स्पष्ट दिसत होती असे थोडेच आहे? शिलाई मशीनवरच्या मुलीलाही ती दिसत होती. म्हणून तर ती दारात थबकली. पण तिथे किमान वेतन त्या वेळी महिन्याला ३,००० टका होते. तेवढ्यात घरभाडे भागवून गावी पैसे पाठवणाऱ्या मुलीचा एक पगार बुडणे म्हणजे काय, हे हिशेब करून सांगायला नको. आणि त्या पाचांपैकी एकाही कारखान्यात कामगार संघटना नव्हती. प्रत्येकीला ‘नाही’ एकटीने म्हणायचे होते, आणि तेही पगार देणाऱ्याच्या तोंडावर.

मला तो मॅनेजरही विसरता येत नाही, ज्याने ‘चला आत’ म्हटले. तोही पगारीच माणूस. या धंद्यात शर्टाचा भाव ठरलेला असतो आणि माल बोटीवर चढवण्याची तारीखही. तारीख चुकली तर माल विमानाने पाठवायचा आणि ते भाडे बहुतेक वेळा कारखान्याच्या माथी बसते. नाहीतर ग्राहक भाव पाडून मागतो. एका शिपमेंटचा सगळा नफा त्यात जातो. दूर युरोपातल्या खरेदी खात्यात जो माणूस बसलेला असतो, त्याची पाठ थोपटली जाते ती नगामागे चार पैसे वाचवले म्हणून. सावरच्या खांबांची चौकशी केली म्हणून नव्हे. वरपासून खालपर्यंत सगळे नोकर आणि प्रत्येकजण आपले काम चोख करणारा. त्या इमारतीतल्या काही कारखान्यांचे ‘सोशल ऑडिट’देखील झालेले होते. हजेरीपट, कामगारांची वये, ओव्हरटाइम, सगळ्यांना रकाने होते. खांबांना रकाना नव्हता.

त्याआधी पाचच महिने, २४ नोव्हेंबर २०१२ रोजी, आशुलियाच्या ताझरीन फॅशन्समध्ये आग लागली होती. धोक्याची घंटा वाजली तेव्हा मजल्यावरच्या मॅनेजरांनी ‘काही नाही, काम करा’ म्हणून लोकांना परत मशीनवर बसवले. किमान ११२ जण गेले. घंटा होती, आणि ती वाजलीही होती.

राणा प्लाझानंतर तीन आठवड्यांत, मे २०१३मध्ये, ‘अकॉर्ड’ नावाचा एक करार झाला. आचारसंहिता तोपर्यंत भिंतीवर लावण्यापुरत्या ढिगाने होत्या. कंपन्या त्या आपल्या आपण लिहीत आणि आपल्या आपण पाळल्याचे सांगत. हा करार कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यातला होता आणि कायद्याने बांधणारा होता. दोनशेहून अधिक कंपन्यांनी सही केली, सोळाशेच्या आसपास कारखाने त्याखाली आले. इंजिनिअरांनी इमारती तपासल्या, अहवाल जाहीर केले. कुठे खांब जाड झाले, कुठे कुलूपबंद दारे जाऊन आगीची दारे बसली. वॉलमार्ट, गॅप अशा काही अमेरिकी कंपन्यांनी बांधून घेण्याचे टाळून स्वतःची वेगळी, सौम्य योजना काढली. ही रीत आपल्यालाही नवी नाही. कारखानदारांनीही कुरकुर केली : दुरुस्तीचा खर्च आमचा आणि कपड्याचा भाव मात्र तोच! ही तक्रार मला खोटी वाटत नाही.

पण त्या करारातले एक कलम वर्तमानपत्रांत फारसे आले नाही, आणि माझ्यासारख्या माणसाला तेच सर्वांत मोलाचे वाटते. जागा धोकादायक आहे असे मानायला सबळ कारण असेल, तर कामगाराला आत जाण्याचे किंवा आत थांबण्याचे नाकारता येईल आणि त्यासाठी त्याचा पगार कापता येणार नाही. शिवाय तक्रारीसाठी कारखान्याबाहेरचे दार. म्हणजे २४ एप्रिलच्या सकाळी त्या मुलींना जे हवे होते, नेमके तेच. २०२०मध्ये बांगलादेशातले हे काम तिथल्याच एका मंडळाकडे गेले, त्यात कारखानदारही बसतात. धार बोथट झाली असे काही संघटना म्हणतात. वेतनाचे दुखणे तर वेगळेच राहिले. २०२३मध्ये किमान वेतन १२,५०० टका ठरले, संघटनांची मागणी २३,००० टक्यांची होती आणि त्या आंदोलनात कामगारांचे जीव गेले.

कुणी म्हणेल, कामगारांनी बोलायला हवे होते. भोपाळमध्ये ते बोलले होते. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात डिसेंबर १९८१मध्ये फॉस्जीन वायूने एका कामगाराचा बळी घेतला. संघटनेने धोक्याची पत्रके लावली. तो कामगार ज्यांचा मित्र होता, त्या राजकुमार केसवानी या पत्रकाराने १९८२मध्ये आपल्या छोट्या साप्ताहिकात शहराला सावध केले. व्यवस्थापनाने खर्च कमी करण्यासाठी माणसे घटवली, वायूची टाकी थंड ठेवणारी यंत्रणा १९८४च्या उन्हाळ्यात बंद केली. त्याच वर्षी २ डिसेंबरच्या रात्री काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे. बोलणारे होते. ज्यांनी ऐकायचे, त्यांच्यावर ऐकण्याची सक्ती नव्हती.

वरातीमागून घोडे म्हणा, पण १९८७मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांतल्या कामगारांना, प्राणावर बेतेल असा धोका दिसल्यास सूचना देण्याचा हक्क मिळाला. अशी सूचना आली की मालकाने ताबडतोब उपाय करायचा आणि निरीक्षकाला कळवायचे. तो कायदा आता २०२०च्या सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. माझ्या तीस वर्षांत या कलमाखाली दिलेली लेखी सूचना मी एकही पाहिली नाही. कलम वाईट नव्हते. पण ज्याचा गेटपास ठेकेदाराच्या खिशात आहे, त्याने कुणाला सूचना द्यायची? ठेकेदाराला त्याला काढायला कारणही लागत नाही; ‘उद्यापासून येऊ नको’ एवढे पुरते.

आज रविवार आहे. ही पुरवणी तुम्ही सावकाश, दुसऱ्या चहाबरोबर वाचत असाल. हा निवांतपणाही कुणीतरी मागून घेतलेला आहे. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४मध्ये मुंबईच्या ५,५०० गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. त्यात आठवड्याची सुटी ही एक मागणी होती. पुढे २४ एप्रिल १८९० रोजी (तारखांचा योगायोग असतो) महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले, त्यात दोन बायकांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. एकेकट्याने ‘उद्या मी येणार नाही’ म्हटले असते तर त्याची जागा संध्याकाळपर्यंत भरली असती.

आता एकट्याची एक गोष्ट. माझा भाचा गेल्या वर्षी एका रसायनांच्या कारखान्यात ट्रेनी इंजिनिअर म्हणून लागला. एका रात्री त्याचा फोन आला. सेफ्टी व्हॉल्व्हच्या तपासणीचा तक्ता त्याच्यापुढे ठेवला होता, चाळीस ओळींचा. सगळीकडे ‘ओके’ लिहून सही करायची. वरिष्ठ म्हणाले होते, सगळेच करतात.

“तू तपासलेस किती?” मी विचारले.

“बारा, मामा. बाकीच्यांसाठी प्लांट बंद करायला लागतो, तो कोणी देत नाही.”

“मग बारांवर सही कर. बाकीच्यांपुढे खरे ते लिही.”

तेवढ्यात माझ्या बहिणीने फोन घेतला. “दादा, त्याला नको ते शिकवू नकोस. अजून कायम व्हायचाय तो. घराचे हप्ते आहेत.”

ती चुकीचे बोलत होती असे मला म्हणवत नाही. तीस वर्षे मी हेच हप्ते लोकांच्या अर्जांतून वाचत आलो आहे.

भाच्याने अठ्ठावीस ओळींपुढे ‘तपासले नाही’ असे लिहिले. त्याचा प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढला. पत्रात कारण दिले आहे, ‘वागणुकीत सुधारणा आवश्यक’. दिवाळीत प्लांट बंद होता तेव्हा मेंटेनन्सवाल्यांनी त्या अठ्ठाविसांपैकी नऊ व्हॉल्व्ह उघडले. दोन जाम झालेले निघाले. हे त्याने मला फोनवर सांगितले. आईला अजून सांगितलेले नाही.