टाकी वाढली म्हणून हवा वाढत नाही

मांजरसुंबा-पाटोदा रस्त्यावरच्या लिंबागणेशसारख्या गावात हवेचा कॉम्प्रेसर आता फक्त पंक्चरच्या दुकानापुरता राहिलेला नाही. ट्रॅक्टरचा एअर फिल्टर झटकायला, गेटला रंग मारायला, ट्रॉलीच्या चाकांत हवा भरायला तो घरच्या शेडमध्ये येऊन बसला आहे. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघू लागल्या, की एकामागून एक टायर समोर येतात आणि ५० लिटरची टाकी पुरेनाशी होते. मग कुणीतरी सुचवतो, “भंगारातून एक टाकी आण अन् दे जोडून.”

हा सल्ला निम्मा बरोबर आहे. जादा टाकीचा उपयोग होतो, पण लोकांना वाटतो तो नव्हे. हिशेबासाठी २ एचपीचा कॉम्प्रेसर धरू: टाकी ५० लिटर, ६ बारला चालू, ८ बारला बंद, आणि मिनिटाला १५० लिटर मोकळी, म्हणजे दाबण्याआधीची, हवा. पंक्चरवाल्याच्या भाषेत ८ बार म्हणजे साधारण ११६ पौंड. याला १०० लिटरची दुसरी टाकी जोडायची आहे.

गैरसमज १ : टाकी मोठी केली की कॉम्प्रेसरची ताकद वाढते.

वस्तुस्थिती : हवा टाकी देत नाही, पिस्टन देतो. शेततळे मोठे खोदले म्हणून विहिरीचा झरा वाढत नाही. इथेही साठा वाढतो, आवक तेवढीच राहते.

रंगाच्या गनला मिनिटाला २५० लिटर हवा लागते असे धरा. टाकी ८ वरून ६ बारवर येईपर्यंत ५० लिटरच्या टाकीतून १०० लिटर मोकळी हवा मिळते, म्हणजे २४ सेकंदांचे काम. दोन्ही टाक्या मिळून १५० लिटर झाल्या, की ३०० लिटर हवा आणि ७२ सेकंद. त्यानंतर मोटार सुरू होते, तरी मिनिटाला १०० लिटरची तूट उरतेच. गन ३ बारखाली चालत नसेल, तर एका टाकीवर सगळे मिळून दोनेक मिनिटांत थांबावे लागेल, दोन टाक्यांवर पावणेसहा मिनिटांत. दाराची एक फळी रंगवायची असेल तर हा फरक मोठा आहे. ट्रॉलीची अख्खी बॉडी रंगवायची असेल तर थांबणे चुकत नाही. तिथे मोठा पंपच हवा.

टाकीचा खरा फायदा थोडा वेळ जोरात हवा लागणाऱ्या कामात आहे, आणि वीज नसतानाही. दुचाकीचा रिकामा टायर २ बारपर्यंत भरायला सुमारे २० लिटर मोकळी हवा लागते. टाकीचा दाब अडीच बारवर येईपर्यंत ५० लिटरच्या टाकीतून असे १३ टायर भरतील, १५० लिटरमधून ४१. शेडची लाइन गेल्यावर हा साठा कामाला येतो.

गैरसमज २ : दोन टाक्या, म्हणजे दाबही जास्त.

वस्तुस्थिती : जोडलेल्या टाक्यांत दाब एकच असतो आणि तो प्रेशर स्विच ठरवतो. दुसरी टाकी आली म्हणून ८ चे १० बार होत नाहीत. स्विचचा स्क्रू आवळून दाब चढवता येतो, पण तो पंप, मोटार आणि टाकी या तिघांच्याही मर्यादेबाहेर जाऊ शकतो. उलट, दोन टाक्यांपैकी जी कमी दाबाची, तिच्या हिशेबाने सगळे चालवायचे. नवी टाकी ७ बारची असेल तर स्विच ७ च्या खाली आणावा लागतो, आणि सेफ्टी व्हॉल्व्हही ७ च्या वर असून चालत नाही.

गैरसमज ३ : मोटारीला आराम मिळतो आणि वीजबिल घटते.

वस्तुस्थिती : तेवढीच हवा तेवढ्याच दाबाला न्यायची तर वीजही जवळपास तेवढीच लागते. उलट जोड वाढले की गळतीच्या जागा वाढतात. रात्री बंद करताना काटा ८ वर होता आणि सकाळी ६ वर दिसला, तर दोन टाक्यांतून ३०० लिटर हवा, म्हणजे पंपाची दोन मिनिटांची मेहनत, फुकट गेली.

मोटारीचे गणित थोडे वेगळे आहे. चालू होताना ती नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते. व्होल्टेज कमी असलेल्या शेडमध्ये हा क्षण तिला जड जातो. मोठ्या साठ्यामुळे ती कमी वेळा चालू होते, हा खरा लाभ. पण प्रत्येक वेळी ती जास्त वेळ चालते. रिकामी ५० लिटर टाकी भरायला २ मिनिटे ४० सेकंद लागत असतील, तर दोन्ही भरायला ८ मिनिटे. घरगुती पंपाचे हवेने थंड होणारे हेड सतत चालण्यासाठी बनवलेले नसते. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली त्याला मध्ये विश्रांती द्यावीच लागते.

गैरसमज ४ : पत्रा जाड असला की कुठलीही टाकी चालते.

वस्तुस्थिती : सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हा आहे.

तेलाचा २०० लिटरचा बॅरल भक्कम दिसतो. त्याचे सपाट झाकण सुमारे ५७ सेंटिमीटर व्यासाचे असते. आत फक्त १ बार दाब झाला तरी त्या झाकणावर अडीच टनांहून जास्त जोर येतो. ८ बारला २० टन. म्हणून दाबाच्या टाक्यांची तोंडे फुगीर असतात, सपाट नसतात.

घरगुती गॅसची १४.२ किलोची टाकी दाब सोसायला बनवलेली असते, हे खरे. तिच्यात सुमारे ३३ लिटर मावते. पण ती कोरड्या गॅससाठी असते; ओलसर हवेने ती आतून गंजते आणि तळाला पाणी काढायची सोय नसते. व्हॉल्व्ह काढून वेल्डिंग केले, की मूळ चाचणीला अर्थ उरत नाही, आणि आत राहिलेला गॅस ठिणगीने पेटू शकतो. शिवाय ती टाकी ग्राहकाची नसते, कंपनीची असते. फ्रिजच्या गॅसचे एकदाच वापरायचे पातळ डबे तर विचारातही घेऊ नयेत.

पीव्हीसी पाइपवर पाण्याच्या दाबाचा आकडा छापलेला असतो, म्हणून काही जण त्यात हवा खेळवतात. पीव्हीसी फाटत नाही, काचेसारखे तुकडे होऊन उडते. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा यंत्रणेने १९८८ मध्येच याबद्दल इशारा दिला होता.

ट्रकच्या ब्रेकची टाकी निदान हवेसाठीच बनलेली असते. पण भंगारातल्या टाकीचा गंज बाहेरून दिसत नाही. पत्रा गंजून निम्मा झाला, की तेवढ्याच दाबाला त्यावरचा ताण दुप्पट होतो. पाणी तळाशी साचते, त्यामुळे टाकी तिथेच आधी पातळ होते. कामाचा दाब, चाचणीचा दाब आणि साल कोरलेली पाटी नसलेली टाकी घेऊच नये.

गैरसमज ५ : हवाच तर आहे, फुटली तर फुस्स होईल.

वस्तुस्थिती : ८ बारच्या १०० लिटर हवेत सुमारे १०० किलोज्यूल ऊर्जा दाबून ठेवलेली असते. एक टन वजनाची मोटारगाडी १० मीटर उंच उचलायला एवढी पुरते. हीच टाकी पाण्याने भरून ८ बारला नेली, तर पाण्यात जेमतेम १५ ज्यूल साठतात, कारण पाणी जवळजवळ दबतच नाही. म्हणून टाकीची चाचणी पाण्याने करतात. पूर्ण भरून, आतली सगळी हवा काढून, कामाच्या दाबाच्या सुमारे दीडपट दाब देतात आणि पाझर किंवा फुगवटा पाहतात. ‘हवा भरून बघू, फुटते का’ ही चाचणी नव्हे.

कारखान्यांतल्या दाबाच्या यंत्रांच्या सुरक्षेसाठी १९४८ च्या कारखाने अधिनियमात, तो २०२५ मध्ये रद्द होईपर्यंत, कलम ३१ होते. घरच्या शेडमध्ये तपासणीला कुणी येत नाही, म्हणून ती जबाबदारी मालकाचीच.

गैरसमज ६ : आपल्याकडे पाऊसच कमी, टाकीत पाणी कुठून येणार?

वस्तुस्थिती : पावसाळ्यात ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असताना १,००० लिटर हवेत सुमारे २४ ग्रॅम वाफ असते. ती ८ बारला दाबून थंड झाली, की त्यातले २० ग्रॅम पाणी होऊन टाकीत उतरते. पंप दिवसभरात ४० मिनिटे चालला, तरी अर्धा पेला पाणी जमते. उन्हाळ्यात हे प्रमाण घटते, थांबत नाही. दुसऱ्या टाकीत हवा आणखी निवते, त्यामुळे गनपर्यंत कमी पाणी जाते. मात्र दोन्ही टाक्यांचे ड्रेन काम संपल्यावर रोज उघडावे लागतात.

गैरसमज ७ : जोडणी म्हणजे एक पाइप आणि टेफलॉन टेप.

वस्तुस्थिती : जोडणी सोपी आहे, पण तिचा क्रम ठरलेला आहे. पहिल्या टाकीवर रेग्युलेटरच्या आधी जे तोंड असते, तिथून हवा घ्यायची. मध्ये बॉल व्हॉल्व्ह बसवायचा. किरकोळ काम असेल तेव्हा तो बंद ठेवून छोटी टाकी लवकर भरता येते. कॉम्प्रेसर थरथरतो, म्हणून दोन टाक्यांमध्ये आखूड लोखंडी पाइप न घालता हवेच्या दाबाचा रबरी होज वापरायचा. पाइप कडक असला तर जोडाला चीर जाते. दुसऱ्या टाकीला स्वतःचा गेज, तळाशी ड्रेन आणि स्वतःचा सेफ्टी व्हॉल्व्ह हवा. सेफ्टी व्हॉल्व्ह आणि टाकी यांच्यामध्ये कुठलाही कॉक नको. हा व्हॉल्व्ह फुसफुसू लागला तर बदलायचा, बोल्ट मारून बुजवायचा नाही. टाकीला आधीची तोंडे पुरत नसतील, तर नवे भोक पाडून वेल्डिंग करण्यापेक्षा दुसरी टाकी शोधावी.

पैसे खर्च करण्याआधी एक मोजणी फुकट करता येते. काटा ६ वरून ८ बारवर जायला किती सेकंद लागतात ते घड्याळात पाहा. ५० लिटरच्या टाकीला ४० सेकंद लागले, तर तुमचा पंप मिनिटाला १५० लिटर देतो. ६० सेकंद लागले, तर १०० लिटरच. मग तुमच्या गनला किंवा हवेवर चालणाऱ्या पान्याला लागणारी हवा त्याच्या माहितीपत्रकात बघा. काम थांबून थांबून होत असेल आणि गरज थोड्या वेळापुरतीच वाढत असेल, तर चाचणी झालेली टाकी घ्या. गरज सतत पंपाच्या पुढे धावत असेल, तर टाकीचे पैसे वाचवा आणि ते मोठ्या पंपासाठी ठेवा.