धांवत्या गाडींतील चांद्रयान

चांद्रयान-३ ज्या दिवशीं चंद्रावर उतरलें, त्याच दिवशीं, म्हणजे २३ ऑगस्ट २०२३ रोजीं, आमच्या घरच्या तेरा मंडळींस बारशानिमित्त कोंढ्याहून नागपुरास जाणें होतें. भाड्याची मोठी गाडी ठरविली. मार्ग पवनी, भिवापूर, उमरेड. यान उतरण्याची वेळ सायंकाळीं ६ वाजून ४ मिनिटें. तोंवर उमरेड गांठूं असा हिशेब होता. पण आमचाच चष्मा सांपडेना, आणि तेथेंच हिशेब चुकला.

थोरल्या नातवानें मोबाईल पुढील बांकाच्या पाठीस दोरीनें बांधला व इस्रोचें थेट प्रक्षेपण लाविलें. पवनीपर्यंत चित्र स्वच्छ होतें. पुढें उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याकडील रान लागलें आणि चित्र थबकून मध्यें एक वर्तुळ फिरूं लागलें. इकडे ५ वाजून ४४ मिनिटें होऊन यान खालीं येऊं लागलें होतें. धाकटी नात रडकुंडीस आली. तिनें आठवडाभर खपून पुठ्ठ्याचें यान केलें होतें व तें मांडीवर घेऊन ती बसली होती.

असें कां व्हावें? मोबाईलच्या मनोऱ्याची धांव थोड्याच मैलांची. गाडी चालत असतां एक मनोरा सोडून दुसरा धरावा लागतो. तेवढा वेळ निभावण्यापुरता चित्राचा थोडा सांठा यंत्रांत आगाऊ भरलेला असतो, म्हणून ही अदलाबदल आपणांस कळत नाहीं. मध्यें रान मोठें असलें म्हणजे तो सांठा सरतो. चित्रपट, कीर्तन वगैरे घरींच उतरवून घेतलें तर रानांतहि चालतें. आमची सून तसेंच करते. परंतु जें अद्याप घडावयाचें आहे, त्याची शिदोरी कशी बांधावी?

गाडीवाला मोठा समंजस. रानाच्या कडेस एका चहाच्या टपरीपाशीं त्यानें गाडी उभी केली. तेथेंहि रेंज नव्हती. पण छपरावर तबकडी होती आणि आंत दूरदर्शन चालू होतें! नातू थक्क झाला. त्यास आम्हीं सांगितलें, हें चित्र मनोऱ्यावरून येत नाहीं. विषुववृत्तावर सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर उपग्रह आहे. तो पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणून आपणांस एकाच जागीं स्थिर भासतो. तबकडी त्याजकडे एकदां नेमकी रोखली कीं काम झालें. मात्र तिची दृष्टि जराशी चळली कीं चित्र गेलें, त्यामुळें साधी तबकडी धांवत्या गाडीस निरुपयोगी. अमेरिकेंत घरासारख्या गाडींतून महिनोन्‌महिने हिंडणारी मंडळी मुक्कामीं पोंचल्यावर ती रोखीत बसतात, अगर उपग्रह आपण होऊन हुडकणारी महाग तबकडी टपावर बसवितात.

आमचें व्याख्यान कोणी ऐकत नव्हतें. यान टेकलें तेव्हां टपरींत एकच गलका झाला. टपरीवाल्यानें चहाचे पैसे घेतले नाहींत. नातीनें आपलें पुठ्ठ्याचें यान दूरदर्शनसंचावर उतरविलें होतें, तें तेथेंच राहिलें. आठवण झाली तेव्हां भिवापूर मागें पडलें होतें.