बंदूक, तिचा साचा आणि शिशाची गोळी

शेतरक्षणासाठी बंदुकीचा परवाना मागणाऱ्या अर्जांत 'बारा बोर' हा शब्द वारंवार आढळतो. परंतु हे बारा म्हणजे नेमके काय, असे विचारले असता उत्तर देणारे फार थोडे भेटतात. कोणी तो नळीच्या लांबीचा आकडा समजतो, तर कोणी छऱ्यांच्या संख्येचा. वास्तविक हा शिशाचा हिशोब आहे. एक पौंड शुद्ध शिशाच्या सारख्या वजनाच्या बारा वाटोळ्या गोळ्या ओतल्या असता त्यांतील एक गोळी ज्या नळीत बेताची बसेल ती नळी बारा बोरची. सोळा गोळ्या पडल्या तर ती सोळा बोरची. म्हणूनच आकडा वाढतो तशी नळी बारीक होत जाते. बारा बोरच्या नळीचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर, तर सोळा बोरच्या नळीचा सुमारे १६.८ मिलिमीटर भरतो. गोळी मालकानेच ओतावयाची, ही जुनी रीत या मापात आजतागायत टिकून राहिली आहे.

या रीतीचे उत्तम उदाहरण म्हणजे अठराव्या शतकातील अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांताची लांब रायफल होय. लँकेस्टर व त्याच्या आसपास वसलेल्या जर्मनभाषी कारागिरांनी ती नावारूपास आणली. नळीच्या आत पेचदार खाचा पाडल्या असता गोळी गिरक्या घेत बाहेर पडते व आपली वाट सोडीत नाही, हे या बंदुकीचे मर्म. तिचे गिऱ्हाईक मुख्यतः अरण्याच्या कडेस जमीन तोडून शेती करणारे लोक. त्यांना शिसे व दारू दुरून, मोल देऊन आणावी लागे. इंग्रज शिपायाच्या मस्केट बंदुकीस एका पौंडात सुमारे चौदा गोळ्या पडत. अर्ध्या इंचाच्या रायफलीस त्याच पौंडात सुमारे चाळीस. एवढी काटकसर साधूनही नेम अधिक अचूक लागे.

ही अचूकता कोठून आली? प्रत्येक नळी हाताने कोरलेली असल्यामुळे कोणत्याही दोन नळ्या तंतोतंत सारख्या नसत. याकरिता कारागीर बंदुकीबरोबर तिच्याच मापाचा गोळ्यांचा साचा घडवून देई. शेजाऱ्याच्या साच्यातील गोळी आपल्या बंदुकीस चालेलच असा भरवसा नव्हता. गोळी नळीपेक्षा किंचित लहान ठेवीत, आणि चरबी लावलेल्या कापडाच्या तुकड्यात गुंडाळून गजाने आत सरकवीत. ते कापड खाचा धरून गोळीला फिरवी. पुढे गंजाने वा झिजेने नळी बिघडली म्हणजे ती पुन्हा कोरून घेत, आणि त्याच वेळी साच्याची खोबणही तेवढीच वाढवून घेत. बंदूक आणि साचा ही जणू एका जोडीची दोन भांडी होती.

ओतकामाची कृती दिसण्यात सोपी आहे. शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते, म्हणजे साध्या कोळशाच्या शेगडीवरही त्याचा रस होतो. रसात मेणाचा खडा टाकून ढवळले असता मळ वर येतो, तो काढून टाकतात. साचा थंड असेल तर गोळीवर सुरकुत्या पडतात. म्हणून आधी तो तापवून घेतात व पहिल्या काही गोळ्या पुन्हा वितळवितात. शेवटी गोळीची शेंडी कापतात. आत पोकळी राहिलेली गोळी वजनास कमी भरते व वाकडी जाते, यासाठी काळजी घेणारा मनुष्य प्रत्येक गोळी तोलून पाहतो.

हे काम त्या काळी घरोघर चाले. ९ जुलै १७७६ रोजी न्यूयॉर्क येथील तिसऱ्या जॉर्ज राजाचा शिशाचा पुतळा लोकांनी पाडला. त्यातील बरेचसे शिसे कनेक्टिकटमधील लिचफील्ड गावी नेऊन तेथील स्त्रियांनी व मुलांनी त्याच्या गोळ्या ओतल्या; ४२,०८८ काडतुसे झाली, अशी नोंद आहे.

परंतु शिशाचा दुसरा गुण विसरता कामा नये. ते विष आहे. बेंजामिन फ्रँकलिन याने १७८६ साली एका पत्रात शिशामुळे कामगारांचे हात निकामी होतात असे लिहून ठेवले होते. आज जागतिक आरोग्य संघटनेचे स्पष्ट मत आहे की, शिशाचे कोणतेही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही. लहान मुलांच्या बुद्धीवर त्याचा विशेष आघात होतो. गिधाडांच्या जातीचा काँडोर पक्षी शिशाच्या गोळ्यांनी मेलेली जनावरे खाऊन मरतो, म्हणून कॅलिफोर्निया राज्याने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांस पूर्ण बंदी केली.

आपल्याकडे या सर्वांचा उपयोग काय, असे वाचक विचारतील. पहिली गोष्ट कायद्याची. १९५९ च्या शस्त्र कायद्यात खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे. परंतु त्याच कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग व तो तयार करण्याची यंत्रसामग्रीही येते, आणि परवान्यावाचून दारूगोळा तयार करण्यास मनाई आहे. म्हणून अमेरिकेतील हौशी लोकांचे पाहून कोणीही घरी साचा आणू नये. परवान्यावर लिहिलेला दारूगोळा परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावा. शिवाय पीकरक्षणाचा परवाना म्हणजे वन्य जनावर मारण्याची मोकळीक नव्हे. त्यासाठी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली निराळी परवानगी लागते.

दुसरी गोष्ट घरातील आरोग्याची. मासे धरण्याच्या पागास वजने लावण्याकरिता पुष्कळ ठिकाणी आजही शिसे वितळवितात. ते उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ न करता वारा आडवा घेऊन करावे. मुलांना व गरोदर स्त्रियांना जवळ येऊ देऊ नये. त्याचे भांडे पुन्हा कधीही स्वयंपाकात वापरू नये. काम संपताच साबणाने हात धुवावेत व कपडे बदलावेत. रसात पाण्याचा एक थेंब पडला तरी वाफ होऊन रस अंगावर उडतो, हे ध्यानात असू द्यावे. मोटारीच्या जुन्या बॅटरीतील शिसे तर घरी मुळीच वितळवू नये.

तिसरी गोष्ट मापाची. त्या परदेशी शेतकऱ्याची गोळी मोठी म्हणून लागत नव्हती, तर त्याच्याच नळीस बेतलेली म्हणून लागत होती. तिफणीचे फण असोत, औताचे जू असो किंवा फवाऱ्याचे तोंड असो, दुसऱ्याचे माप उसने आणून आपले काम नीट होत नाही. आपले अवजार आपणच मोजून जाणावे, एवढे त्या साच्यापासून घेण्यासारखे आहे.