प्रवाळांची टाकी आणि गावची हवा

घरात प्रवाळांची छोटी टाकी ठेवणाऱ्याला उन्हाळा लागला की हमखास सल्ला मिळतो: चिलर घ्या. हा सल्ला मुंबईत रास्त आहे, पण नागपूरच्या मे महिन्यात तो बराचसा गैरलागू ठरतो. ऐकायला हे उफराटे वाटेल, कारण ऊन तर नागपूरचे कडक. पण पाणी स्वस्तात किती गार राखता येईल, हे उन्हापेक्षा हवेच्या दमटपणावर ठरते.

प्रवाळांना साधारण २४ ते २७ अंश सेल्सिअस मानवते. पाणी बरेच दिवस त्याहून तापले, की त्यांच्या अंगात राहून अन्न पुरवणारी सूक्ष्म शैवाले बाहेर टाकली जातात आणि प्रवाळ पांढरे पडते. टाकीला तापवायला ऊनही लागत नाही. १०० लिटर पाण्यात बुडालेला ३० वॅटचा पंप चोवीस तास चालला आणि उष्णतेला बाहेर वाटच मिळाली नाही, तर पाणी सहा अंशांनी चढेल. दिव्यांची उष्णता वेगळीच. खोली ३२ अंशांवर असताना काचेतून उष्णता बाहेर जाणे दूरच, उलट आत येते.

अशा वेळी स्वस्त उपाय म्हणजे पाण्यावर सोडलेला छोटा पंखा. एक लिटर पाण्याची वाफ होताना जी उष्णता जाते, तेवढ्याने १०० लिटर पाणी जवळजवळ सहा अंश उतरू शकते. मात्र या उपायाला तळ आहे: तापमापकाला ओले फडके गुंडाळून वारा घातला की पारा जिथे थांबतो, त्याखाली पंखा पाणी नेऊ शकत नाही. नागपुरात ४२ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल तर हा तळ २४ अंशांच्या आसपास येतो. मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्के असेल तर २८च्या वर. म्हणजे मुंबईत पंखा कितीही फिरवा, तो हरणारच. विदर्भातली खरी परीक्षाही मे महिन्यात होत नाही, ती पावसाच्या तोंडावर हवा ओलावते तेव्हा होते. पंखा वापरणाऱ्याने आटलेल्या पाण्याची भरपाई रोज गोड्या, आर.ओ.च्या पाण्यानेच करावी. मीठ टाकीतच राहिलेले असते.

यावर कोणी म्हणेल, कोकणचा समुद्रही मे महिन्यात ३० अंशांपर्यंत जातो, तिथे प्रवाळे जगतातच की. जगतात, कारण तिथली जात पिढ्यान्‌पिढ्या त्या पाण्यात मुरलेली आहे. शिवाय समुद्र दिवसाकाठी दोन-तीन अंश वरखाली होत नाही, छोटी टाकी होते. तरीही १९९८ साली लक्षद्वीपची प्रवाळे मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली. आणि मालवणचे प्रवाळ कायद्याने संरक्षित आहे, ते घरी आणताच येत नाही.

दुसरा आक्षेप विजेचा, आणि तो खरा आहे. चिलर उष्णता नाहीशी करत नाही. पाण्यातून काढून, स्वतःची भर घालून खोलीत सोडतो. टाकीखालच्या बंद कपाटात तो कोंबला तर आपलीच गरम हवा पुन्हा ओढतो आणि बिल वाढवतो. म्हणून आधी पंप कमी वॅटचा घ्यावा, दिवे एलईडी करावेत, टाकीवरचे झाकण काढून जाळी टाकावी आणि मगच चिलरचा आकार ठरवावा. आतली नळी टायटॅनियमची हवी. तांबे खाऱ्या पाण्यात झिजून विरघळते आणि प्रवाळांना ते विष आहे. थर्मोस्टॅटही २६ला बंद, २७ला चालू असा एक अंशाची फट ठेवून लावावा, नाहीतर कॉम्प्रेसर मिनिटा-मिनिटाला चालू-बंद होत राहतो.