सावित्रीकाठी मोंबासाचा चहा

२१ मेचा जागतिक चहा दिन झाला, मसाला चहाच्या पाककृतींचा पूर येऊन ओसरला. त्यात मोंबासा, लामू, झांझिबारचा ‘चाय या माझिवा’ मात्र राहून गेला. पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली किनाऱ्यावरच्या घरांतला हा दुधाळ मसाला चहा महाड-पोलादपूरकरांनी करून पाहायलाच हवा. आफ्रिका रायगड जिल्ह्याला परकी नाही. आफ्रिकी वंशाच्या सिद्दींचं जंजिरा संस्थान १९४८पर्यंत इथेच नांदलं आणि सावित्रीच्या खाडीने महाड बाणकोटमार्गे दर्याला जोडलेलं होतं. केनियात १९०३ साली लिमुरूला चहा लावला गेला, तोही भारतातून नेलेला.

या चहात पडणाऱ्या लवंगेचा इतिहास तर स्वातंत्र्यलढ्यापर्यंत पोचतो. झांझिबारच्या लवंगेचं मोठं गिऱ्हाईक हिंदुस्थान होता. १९३७ साली तिथल्या वसाहती सरकारने हा व्यापार एका संघाच्या मुठीत दिला, भारतीय व्यापारी अडचणीत आले आणि काँग्रेसने थेट लवंगेवर बहिष्कार पुकारला. पुढच्याच वर्षी सरकारला तडजोड करावी लागली. चिमूटभर मसाल्याची ही ताकद शाळेच्या पुस्तकात यायला हवी.

आता चुलीकडे. चार कपांसाठी दोन कप पाणी, दोन कप म्हशीचं दूध. चार वेलदोडे, तीन लवंगा, चार मिरी आणि दोन इंच दालचिनी खलबत्त्यात नुसती फोडायची. पूड केली तर चहा गढूळ होतो. बाजारातली जाड, टणक साल बहुधा कॅशियाची, म्हणजे दालचिनीच्या जातभाईची असते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने दिलेल्या ‘कोकण तेज’ दालचिनीचं झाड परसात असेल तर तिचीच साल घ्यावी.

खरी मेख आल्यात आहे. पेरभर आलं ठेचून आधी पाण्यात, मसाल्याबरोबर, पाच मिनिटं खळखळून उकळायचं. कच्च्या आल्यात दुधातलं प्रथिन तोडणारं विकर असतं. गरम दुधात ते जोमाने काम करतं आणि दूध फाटतं. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात याच गुणावर आल्याच्या रसाने दूध मुद्दाम विरजणासारखं लावतात. उकळीत हे विकर निकामी होतं. मग दूध घालावं, उतू जाऊ न देता मंद आचेवर दाट होऊ द्यावं आणि साय धरू लागली की तीन चमचे चहा पावडर. तीन मिनिटांत गाळायचा.

महामार्गावरच्या टपरीत पातेलं पुन्हा पुन्हा चढतं, त्यामुळे तिथल्या चहाला कडवट झाक येते. या कृतीत दूध आणि मसाला मुरतो, पावडर शेवटी येते, म्हणून रंग गडद असूनही घोट मऊ लागतो. गूळ घालायचा तर गॅस बंद केल्यावरच.

मोंबासात याच्यासोबत नारळाचं दूध आणि वेलची घालून मळलेल्या पिठाची तळलेली ‘महामरी’ असते, आणि जोडीला नारळाच्या दुधात शिजवलेली तूर. नारळ, वेलची, तूर: यातलं काहीच महाडच्या बाजारात शोधावं लागत नाही.