पहाटेच्या थंडीची रजई

दिवाळी उलटली की आमच्या दुकानात येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सगळ्यात गरम रजई कुठली?" मी त्यांना विचारते, "थंडी झोपताना वाजते की पहाटे?" जरा आठवून जवळजवळ सगळे म्हणतात, "पहाटे." मग मी त्यांना जाडजूड रजयांच्या थप्पीपासून बाजूला आणते.

जुन्या नाशकात आमचं गाद्या-रजयांचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं, मागच्या खोलीत कापूस पिंजायचं मशीन. नाशिकची थंडी मोठी फसवी. निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पारा एक अंकी आकड्यावर उतरतो, पण दुपारी तिथंच ऊन नकोसं होतं. रात्री दहाला घराच्या भिंतींत ते ऊन अजून मुरलेलं असतं. पहाटेपर्यंत त्या पार गारठतात.

शरीराचंही तसंच चालतं. झोप लागण्याच्या सुमाराला शरीर आतलं तापमान उतरवायला घेतं. हातापायांच्या त्वचेकडे रक्त वाढतं आणि उष्णता बाहेर जाते. हे उतरणं पहाटे चार-पाचच्या आसपास तळाला पोचतं. त्यातच रात्रीच्या उत्तरार्धात स्वप्नांची झोप जास्त असते, आणि त्या झोपेत घाम आणून किंवा कुडकुडून तापमान सांभाळायचं काम शरीर जवळपास थांबवतं. म्हणजे खोली सर्वांत गार असते तेव्हाच आपण पांघरुणावर सर्वांत जास्त अवलंबून असतो. दहा वाजता जाड रजई ओढून घेतली, तर उष्णता बाहेर पडायला वाट मिळत नाही. घाम येतो, झोपेत रजई लाथाडली जाते, आणि पहाटे माणूस दमट कपड्यांत उघडा पडलेला असतो. "इतकी जाड रजई घेऊनही सर्दी होते," असं सांगत येणाऱ्यांच्या घरी बहुधा हेच घडत असतं.

म्हणून माझं सांगणं असतं की एका जाड रजईऐवजी दोन हलकी पांघरुणं घ्या. एक झोपताना अंगावर, दुसरं पायथ्याशी घडी घालून. पहाटे डोळेही न उघडता वर ओढता आलं पाहिजे. खालचं सोलापुरी चादरीसारखं सुती आणि घट्ट विणीचं चालतं. 2005 साली भौगोलिक मानांकन मिळालेली ही चादर अनेकांकडे फक्त पाहुण्यांसाठी कपाटात पडून असते. वरचं मात्र भरणाचं हवं.

रजई स्वतः ऊब तयार करत नाही. ऊब आपल्याच अंगाची. भरणाच्या तंतूंमध्ये अडकलेली हवा ती निसटू देत नाही, कारण स्थिर हवेतून उष्णता फार हळू जाते. त्यामुळे रजई हातात धरून वजनाचा अंदाज घेऊ नका, फुगीरपणा बघा. जयपूरची रजई इतकी हलकी असून उबदार का, याचं उत्तर तिच्या पिंजणीत आहे. कापूस पुन्हा पुन्हा पिंजून त्याचा तंतू न् तंतू मोकळा केला जातो, त्यामुळे थोड्या कापसात भरपूर हवा मावते. आमच्याकडे लोक आजीच्या काळातली जड रजई घेऊन येतात आणि म्हणतात, हिच्यात आता दम राहिला नाही. कापूस कुठं गेलेला नसतो. तो दबून, गाठी होऊन बसलेला असतो. उसवून, पिंजून, नव्या खोळीत भरला की तीच रजई पुन्हा उबदार होते. हे काम करायला मला नवी रजई विकण्यापेक्षा जास्त आवडतं. गिऱ्हाइकाचे पैसेही वाचतात.

कापसाचा आणखी एक गुण म्हणजे तो ओलावा शोषतो. झोपेत अंगातून बाहेर पडणारा दमटपणा तो घेतो, त्यामुळे चिकचिक होत नाही. तीच त्याची अडचणही आहे. पावसाळ्यानंतर सुती रजई जड आणि कुबट लागते, तिला कडक ऊन दाखवायलाच हवं. हल्ली कंफर्टर म्हणून जे मिळतं त्यात बहुतेक वेळा पॉलिस्टरचा तंतू असतो. तो ओलावा जवळजवळ घेत नाही, त्यामुळे धुतला की लवकर वाळतो. घाम मात्र अंगावरच राहतो. ज्यांना रात्री घाम येतो, विशेषतः पाळी जाण्याच्या वयातल्या बायकांना, मी पॉलिस्टर घेऊ देत नाही. ज्यांना धुळीची अॅलर्जी आहे त्यांचं गणित वेगळं. धुळीतले माइट मारायला 60 अंशांच्या पाण्यात धुणं लागतं आणि सुती रजई तशी धुता येत नाही. त्यांनी कंफर्टरच घ्यावा, पण मशिनमध्ये मावेल असा, आणि धुण्याच्या सूचना वाचून.

लोकरीचं म्हणाल, तर आपली घोंगडी. दख्खनी मेंढीची लोकर, सनगर समाजाचं विणकाम आणि वर चिंचोक्याची खळ. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा घेऊनही ओली लागत नाही. टोचते, हे खरं. म्हणून ती चादरीच्या वर घ्यायची. शेतावर, गच्चीवर, उघड्यावर झोपणाऱ्याला यापेक्षा चांगलं पांघरूण मी देऊ शकत नाही. हंस-बदकांच्या मऊ पिसांचे ड्युव्हेही आता मिळतात. बर्फाच्या देशात त्यांना तोड नाही, पण नाशिक-पुण्याच्या घरात एवढा खर्च करायचं कारण मला दिसत नाही.

मुलं शिकायला इंग्लंडला निघाली की आया हटकून जाड रजई मागतात. मी देत नाही. तिथल्या ड्युव्हेवर टॉग नावाचा आकडा छापलेला असतो: उन्हाळ्यासाठी साधारण 4.5, मधल्या ऋतूंसाठी 9 किंवा 10.5, कडक हिवाळ्यासाठी 13.5. घर रात्रभर गरम राहत असेल तर 10.5 पुरतो. तिथं 4.5 आणि 9 टॉगचे दोन ड्युव्हे बटणांनी जोडता येतात, ते घ्यायला सांगते. आपल्याकडे टॉग लिहीत नाहीत, जीएसएम लिहितात, म्हणजे एका चौरस मीटरमागे किती ग्रॅम भरण. एसी 24 ते 26 वर ठेवून झोपणाऱ्या मुंबईकराला 120 ते 150 भरपूर झालं. नाशिकच्या हिवाळ्यात 200-250, तेही खाली चादर धरून. हे आकडे पॉलिस्टरच्या भरणाचे. कापसाला लावू नका.

विकत घेताना रजई उजेडासमोर धरा. जिथून उजेड आरपार येतो तिथं भरण नाही, आणि थंडी तिथूनच शिरणार. टाके फार लांब असतील तर धुतल्यावर कापूस एका कोपऱ्यात जमतो. मुठीत दाबून सोडा, लगेच फुगून वर आली पाहिजे. रुंदी गादीपेक्षा दोन्ही बाजूंना वीतभर तरी जास्त हवी, नाहीतर कूस बदलली की पाठ उघडी. नवरा-बायकोत एकाला उकडतं आणि दुसऱ्याला थंडी वाजते, हे तर घरोघरी. अशांनी दोन सिंगल घ्याव्यात. जर्मनीत आणि स्वीडन-डेन्मार्ककडे जोडप्यांनी वेगवेगळं पांघरूण घेणं अगदी रोजचं आहे. आपल्याकडे मात्र दोन रजया मागायला लोक संकोचतात. संकोच कशाला? दोघांचीही झोप महत्त्वाची.

म्हाताऱ्या माणसांसाठी मी वजनाकडे आधी बघते. सांधे दुखणाऱ्या हातांना जड रजई बाजूला सारता येत नाही, आणि रात्री उठताना पायात अडकली तर पडायची भीती. त्यांना हलकी जयपुरी आणि पायात मोजे. पाय गार असतील तर झोप लवकर लागत नाही, ही त्यांची तक्रार खरीच असते.

बाळंतविड्यासाठी कुणी इवलीशी रजई घ्यायला आलं, तर मी ती बांधून देण्याआधी थांबवते. वर्षाच्या आतल्या बाळावर रजई, दुलई, जाड पांघरूण टाकू नये, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. ते तोंडावर आलं तर बाळाला बाजूला करता येत नाही, गुदमरण्याचा धोका असतो, आणि अंग फार तापणंही घातकच. वजनदार भरणाचं ब्लँकेट तर लहान मुलांच्या जवळही नको. बाळाला अंगाला बसणाऱ्या कपड्यांचा एखादा थर जास्त घालावा, डोकं उघडं ठेवावं. आजी कधी कधी रागावतात, म्हणतात, आम्ही नाही का वाढवली पोरं? मी ऐकून घेते आणि रजई देते, पण सांगून: बाळ जागं असताना खेळायला ही जमिनीवर अंथरा, झोपवताना पाळण्यात ठेवू नका.