सुरू न होणारी मोटारसायकल : कारणशोधाची एक तर्कपद्धती

मोटारसायकल सुरू होत नाही, ह्या साध्या घटनेत कारणमीमांसेचे बरेचसे प्रश्न एकवटलेले असतात. अपेक्षित कार्य घडलेले नाही. त्यास आवश्यक अशा अनेक अटींपैकी निदान एक तरी अपुरी आहे. परंतु ती कोणती, हे कार्याच्या अभावावरून कळत नाही. गॅरेजमधील अनुभवी मेस्त्री अशा वेळी जे करतो त्यास सामान्यतः 'हाताचा अंदाज' म्हणतात. वस्तुतः त्या अंदाजात अन्वय, व्यतिरेक आणि परिशेष ही तिन्ही अनुमाने गुंफलेली असतात. ती उलगडून दाखविणे आणि त्यांच्या मर्यादा कोठे येतात हे पाहणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचनासाठी एकच यंत्र डोळ्यांपुढे ठेवणे सोयीचे होईल. १९५५ मध्ये मद्रास मोटर्स व इंग्लंडमधील रॉयल एन्फील्ड ह्यांच्या भागीदारीतून एन्फील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली आणि मद्रासजवळ तिरुवोत्तियूर येथे 'बुलेट ३५०' ही मोटारसायकल तयार होऊ लागली. ७० मिलिमीटर व्यास, ९० मिलिमीटर धाव आणि ३४६ घन सेंटिमीटर आकारमान असलेले तिचे एकसिलिंडरी, चौघाती, ओतीव लोखंडाचे इंजिन थोड्याफार फेरफारांसह पन्नासाहून अधिक वर्षे भारतात बनत राहिले. ह्या जुन्या बुलेटची सर्व अंगे उघडी व हाताशी येणारी असल्यामुळे कारणशोधाच्या अभ्यासास ती विशेष सोयीची आहे.

१. प्रश्नाची मांडणी

'गाडी सुरू होत नाही' ह्या एका वाक्याखाली निरनिराळ्या घटना येतात. किक मारली असता इंजिन फिरते पण एकदाही पेट घेत नाही, ही एक. मधूनमधून खोकल्यासारखा आवाज येतो, ही दुसरी. सुरू होऊन दोनचार मिनिटांत बंद पडते, ही तिसरी. किकलाच दाब लागत नाही, ही चौथी. प्रत्येकीचा रोख वेगळ्या दिशेस असतो. म्हणून मालकाचे वाक्य हे निदानाचे साहित्य असले, तरी निदान नव्हे.

इंजिन पेट घेण्यास चार अटी पुऱ्या व्हाव्या लागतात : हवा व पेट्रोल ह्यांचे योग्य मिश्रण, त्या मिश्रणावर पुरेसा दाब, पुरेशी ठिणगी आणि ती ठिणगी पडण्याची योग्य वेळ. ह्यांपैकी प्रत्येक अट आवश्यक आहे. कोणतीही एक एकटी पर्याप्त नाही. मिश्रणाची मर्यादा तर फारच अरुंद आहे. हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण आकारमानाने सुमारे १.४ ते ७.६ टक्के असेल तरच ते पेटते. कमी पडले तरी पेटत नाही, अधिक झाले तरी पेटत नाही. 'पेट्रोल पोहोचते आहे' ह्या निरीक्षणावरून मिश्रण ठीक आहे असे ठरत नाही, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

२. परीक्षांचा क्रम

चार अटी कोणत्या क्रमाने तपासाव्यात, हा प्रश्न सोयीचा वाटतो. वस्तुतः तो पुराव्याच्या रक्षणाचा आहे. काही परीक्षा यंत्राची स्थिती न बदलता माहिती देतात, तर काही परीक्षा माहिती देतानाच ती स्थिती बदलून टाकतात. चोक लावून वीस वेळा किक मारणे ही दुसऱ्या प्रकारची परीक्षा होय. त्या वीस किकांनी सिलिंडर पेट्रोलने भिजतो आणि मूळचा दोष ठिणगीचा असेल तर त्यावर अतिरिक्त पेट्रोलाचा दुसरा दोष चढतो. त्यानंतर काढलेला ओला प्लग गाडीच्या दोषाविषयी काहीच सांगत नाही. तो फक्त किक मारणाऱ्याच्या श्रमाची साक्ष देतो. यास्तव प्रथम डोळ्यांनी पाहावयाच्या गोष्टी पाहाव्यात : टाकीत पेट्रोल आहे काय, पेट्रोल कॉक उघडा आहे काय, प्लगची टोपी व बॅटरीच्या तारा जागेवर आहेत काय, डीकॉम्प्रेसरची तार अडकून झडप उघडी राहिली आहे काय.

ह्यानंतर अ‍ॅमीटरकडे वळावे. जुन्या बुलेटच्या पुढील भागावर असलेले हे लहानसे मापक कारणशोधाचे पहिले उपकरण आहे. दिवे बंद ठेवून किल्ली फिरवावी आणि पायाने किक सावकाश दाबून इंजिन हळूहळू फिरवावे. कॉन्टॅक्ट पॉइंट मिटलेले असताना कॉइलमधून प्रवाह वाहतो व काटा ऋण बाजूस झुकतो. पॉइंट उघडताच प्रवाह तुटतो व काटा मध्यावर परततो. येथे तीन शक्यता संभवतात. काटा मुळीच झुकत नसेल, तर बॅटरी, फ्यूज, किल्लीचा स्विच, मधली तार अथवा काजळलेले पॉइंट ह्यांपैकी कोठेतरी मंडल खंडित आहे. काटा झुकूनच राहत असेल, तर पॉइंट उघडत नाहीत, अथवा कंडेन्सर वा तार आतल्या आत जमिनीस जोडली गेली आहे. काटा नियमाने येत-जात असेल, तर प्राथमिक मंडलाची तोडजोड होत आहे आणि संशय कॉइलचे दुय्यम वेटोळे, जाड तार व प्लग ह्यांकडे सरकतो. एकही पाना न लावता केलेल्या ह्या परीक्षेने संशयाचे क्षेत्र पुष्कळच आकसते. मात्र पॉइंट मिटलेल्या स्थितीत किल्ली चालू ठेवून दूर जाऊ नये. कॉइल तापते आणि बॅटरी उतरते.

काटा येतो-जातो एवढ्यावरून ठिणगी सिद्ध होत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. कंडेन्सरची जोडणी आतून तुटलेली असेल तर काटा बरोबर हलतो, परंतु पॉइंटच्या तोंडाशीच प्रवाह ठिणगीरूपाने वाया जातो आणि प्लगपाशी येणारी ठिणगी क्षीण होते. पॉइंटमधील अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असतानाही ते वारंवार जळत असतील, तर संशय कंडेन्सरवर घ्यावा.

३. ठिणगीची परीक्षा आणि तिची मर्यादा

प्लग काढून तो सिलिंडरच्या डोक्यावर टेकवून किक मारणे आणि ठिणगी पाहणे ही सर्वपरिचित परीक्षा आहे. ती करताना प्लगचे धातूचे अंग इंजिनास घट्ट टेकलेले असावे, आणि प्लगच्या छिद्रापासून ते दूर असावे. कारण त्या छिद्रातून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते व ती पेटू शकते. ह्या एका हलगर्जीपणाने निदानाचे रूपांतर आगीत होऊ शकते.

तर्कदृष्ट्या ह्या परीक्षेत एक त्रुटी आहे. ठिणगी दिसते ती मोकळ्या हवेत. कामास येते ती दाबाखाली. दोन टोकांमधील वायूतून ठिणगी पडण्यास लागणारा विद्युत्‌दाब हा वायूचा दाब व टोकांतील अंतर ह्यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो, हे फ्रीड्रिख पाशेन ह्यांनी १८८९ मध्ये दाखविले. म्हणून बाहेर ठिणगी देणारा प्लग आत मुकाट राहू शकतो. ही परीक्षा 'ठिणगी नाही' हे सांगते तेव्हा विश्वसनीय असते. 'ठिणगी आहे' हे सांगते तेव्हा अर्धवट विश्वसनीय असते. खात्रीचा मार्ग म्हणजे चांगला ठरलेला प्लग लावून पाहणे, आणि त्या वेळी अन्य काहीही न बदलणे. जॉन स्टुअर्ट मिल ह्यांनी १८४३ च्या आपल्या तर्कशास्त्रविषयक ग्रंथात व्यतिरेकरीती म्हणून जी सांगितली, ती हीच होय.

४. मिश्रण, दाब आणि वेळ

त्याच प्लगचे तोंड मिश्रणाविषयीही बोलते, मात्र तो थोड्या किकांनंतरच काढलेला असावा. कोरडा प्लग पेट्रोल पोहोचत नसल्याचे सुचवितो. मग टाकी, कॉक, नळी, फ्लोटची वाटी आणि जेट अशा साखळीत कोठे खंड आहे हे पाहावे. साखळीच्या मध्यावर, म्हणजे नळी काढून भांड्यात धार पाहिल्यास, एका परीक्षेत अर्धी साखळी निकालात निघते. धार प्रथम चांगली येऊन मंदावत असेल, तर टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र बुजलेले असण्याचा संभव आहे. 'सुरू होऊन बंद पडते' ह्या तक्रारीचे हे एक ठरावीक कारण होय.

पेट्रोलचा गुणही तपासास पात्र आहे. फार दिवस साठलेल्या पेट्रोलातील हलके घटक उडून जातात आणि थंड इंजिनास पुरेशी वाफ मिळत नाही. भारतात २०२५ मध्ये पेट्रोलात २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. इथेनॉल पाणी ओढून घेते. पाण्याचे प्रमाण मर्यादेबाहेर गेले की पाणी व इथेनॉल ह्यांचा वेगळा थर तळाशी बसतो, आणि इंजिनाकडे जाणारी वाट तळापासूनच निघते. कोकणातील पावसाळ्यात महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या बाबतीत ही शक्यता विसरता कामा नये.

दाबाचा दोष असल्यास किक सैल लागते. तो पिस्टनच्या कड्यांचा की झडपांचा, हे ठरविण्यास एक निर्णायक प्रयोग उपलब्ध आहे. प्लगच्या छिद्रातून चमचाभर तेल सोडून पुन्हा दाब पाहावा. तेलाने कड्यांभोवतीची फट तात्पुरती भरते. दाब वाढला तर दोष कड्यांचा, न वाढला तर संशय झडपांवर जातो. दोन प्रतिस्पर्धी सिद्धांतांमधून निवड करणारा असा सुटसुटीत प्रयोग पाठ्यपुस्तकांतही क्वचितच आढळतो.

पेट्रोल, दाब व ठिणगी तिन्ही असून इंजिन किक उलट मारीत असेल अथवा कार्ब्युरेटरातून फटाक्यासारखा आवाज काढीत असेल, तर वेळेचा विचार करावा. पॉइंटची घासणारी टाच झिजली की अंतर कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि ठिणगी मागे पडते. हा दोष हळूहळू वाढत असल्यामुळे त्याच्या आरंभाचा दिवस मालकास कधीच सांगता येत नाही.

५. परिशेषाची मर्यादा

येथवरचे विवेचन एका गृहीतावर उभे आहे : दोष एकच आहे. जुन्या यंत्राच्या बाबतीत हे गृहीत पुष्कळदा लंगडे पडते. बॅटरी थोडी उतरलेली आणि प्लगमधील अंतर थोडे वाढलेले असेल, तर ह्यांपैकी कोणताही एक दोष इंजिन सहन करते. दोन्ही मिळून करीत नाही. अशा वेळी कोणताही एक दोष दूर केला तरी गाडी सुरू होते, आणि तोच एकमेव कारण होता असा समज दृढ होतो.

ह्याहून व्यापक चूक काकतालीय न्यायाची आहे. शेवटी कॉइल बदलली आणि गाडी सुरू झाली, म्हणून दोष कॉइलचा होता असे म्हटले जाते. परंतु त्या अर्ध्या तासात तारा हलल्या, पॉइंट पुसले गेले, भिजलेला सिलिंडर वाळला. जुनी कॉइल पुन्हा लावून गाडी बंद पडते काय, हे पाहिल्यावाचून ते विधान सिद्ध होत नाही. गिऱ्हाईक दारात उभे असल्यामुळे ही उलट परीक्षा सहसा होत नाही. तिचे मोल मालकास पैशाने आणि मेस्त्रीच्या हाताखालील मुलास चुकीच्या शिकवणुकीने द्यावे लागते. कारण गॅरेजमधील ज्ञान तोंडी चालत येते, आणि एकदा शिरलेला गैरसमज पुढील पिढीस अनुभव म्हणून दिला जातो.

एप्रिल २०२० पासून भारतात 'बी.एस. ६' हे उत्सर्जन-नियम लागू झाल्यानंतर नव्या मोटारसायकलींत कार्ब्युरेटरची जागा बहुतांशी इंधन-अंतःक्षेपणाने घेतली, आणि दोषाचा सांकेतिक क्रमांक यंत्रच सांगू लागले. तथापि तो क्रमांक कोणत्या मंडलात विसंगती आढळली एवढेच दर्शवितो. संवेदक बिघडला, त्याची तार तुटली की तो खरेच सांगत आहे, हे ठरविणे माणसाकडेच राहते. रॉबर्ट पर्सिग ह्यांच्या १९७४ मधील मोटारसायकल-देखभालीवरील प्रसिद्ध ग्रंथाने ह्या कामातील शास्त्रीय पद्धतीकडे तत्त्वज्ञांचे लक्ष वेधले. मराठी मुलखातील गॅरेजांत रोज घडणाऱ्या अनुमानांची तितकी काळजीपूर्वक नोंद घेणे हे तर्कशास्त्राच्या अभ्यासकांस अशक्य नाही. व्याप्ती कशी बनते आणि कशी बिघडते, हे पाहण्यास त्याहून जवळची प्रयोगशाळा सहसा मिळणार नाही.